भिंगावरचं झाकण

नात राजनंदिनी सांगलीहून आली ती पिशवी नाचवतच. माझा जुना रेंजफाइंडर कॅमेरा तिनं दुरुस्त करून आणला होता, सोबत एक रोल आणि बाजारभर सामान. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण आमच्या घरात कुणाला सरळ रेघ ओढता येत नाही. ही एकटी माझ्या वळणावर गेली, म्हणून तिचे सगळे लाड.

"आबा, रोल तुम्हीच भरा."

सोप्यात बसलो. इतक्या वर्षांनी जमेल का असं वाटलं होतं, पण बोटांना सगळं पाठ होतं. मागचं दार उघडलं, डबी डाव्या खाचेत बसवली, फिल्मचं टोक ओढून उजव्या रिळाच्या फटीत खुपसलं, भोकं दात्यांवर बसली. दार लावून खटका ओढला.

"डावीकडचं बटण फिरतंय का बघ. नाही फिरलं तर फिल्म रिळात अडकलीच नाही; छत्तीस फोटो काढशील आणि हाती भोपळा."

फिरलं. मग सामान निवडलं. चामड्याचा पट्टा ठेवला. भिंगावर सावली धरणारा हूड ठेवला, कवठे महांकाळच्या उन्हाला तो हवाच. शेवटी तिनं भिंगावर काळं झाकण दाबून बसवलं.

"हे परत कर," मी खेकसलो.

माझ्या धाकट्या भावाची बायको, साळूबाई, पलीकडे जोंधळे निवडत होती. "आवं भावजी, त्या झाकणानं काय घोडं मारलंय तुमचं?"

आणि चाळीस वर्षं गिळलेलं मी तिथं बोलून टाकलं.

आकाराम, माझा धाकटा भाऊ, फौजेत होता. सुटीत घाईनं लग्न उरकलं, फोटोवाला मिळालाच नाही. पाचव्या दिवशी तो निघाला, तेव्हा मी दोघांना दारापुढच्या लिंबाखाली उभं करून तीन फोटो काढले. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. एसटी वळणाआड गेली, मी झाकण लावायला हात नेला, तर ते जागेवरच. तीन महिन्यांनी सरहद्दीवर दरड कोसळून आकाराम गेला. मी साळूबाईला सांगितलं, स्टुडिओवाल्यानं रोल घालवला. झाकण विहिरीत फेकलं.

ती जोंधळ्यात हात तसाच ठेवून बसली होती.

"झाकाण मला दिसत हुतं," ती म्हणाली. "म्होरंच हुबी हुते की. वाटलं, इचारावं. पर चार दिसाची नवरी, थोरल्या दिराशी कशी बोलू? लय वर्सं मनाला खातंय बगा."

"मग आकारामला कसं दिसलं नाही?"

"त्येंचं ध्यान हुतं कुटं? माझ्याकडंच बघत हुते."

मला रडू आलं. नातीसमोर आलं, पण आलं.

साळूबाई आत गेली, आकारामची वर्दीतली तसबीर घेऊन आली, पदरानं पुसली आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. "काढा."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीत तिच्या दोन प्रतिमा दिसत होत्या; भिंगाची कडी फिरवून त्या जुळल्या की फोटो स्पष्ट येतो. डोळे भरलेले, त्या एकावर एक आणायला वेळ लागला. आल्या. बटणावर बोट ठेवलं.

"भावजी, झाकाण!" साळूबाई ओरडली. पार फाट्यापर्यंत ऐकू गेलं असेल.