दुसऱ्या भोकातला सूर

मित्रांनो, बाजा म्हणा, माउथ ऑर्गन म्हणा, मी जुना आहे आणि मोडका आहे. दहा भोकं, पट्टी ए.

मला विकत घेतलं एका गॅरेजवाल्याने. त्याची धाकटी बहीण ब्लूज, रॉक असली विलायती गाणी गायची, हा साथीला. दुकानदार म्हणाला, "गाणी ई मध्ये ना? मग ई पट्टीचा घ्या."

हा हसला, "काका, गिऱ्हाइकाला बुडवताय! ब्लूजला गाण्याच्या पट्टीचा बाजा घेत नाहीत. ई, एफ, जी, ए. मोजा बोटं. चौथा घ्यायचा आणि श्वास आत ओढून वाजवायचा. मग असा कण्हतो, जसा काही सासुरवाडीला महिनाभर राहून आलाय!"

म्हणजे हे सगळं त्याला माहीत होतं, मित्रांनो. राग येतो तो त्याचाच.

माझ्या दुसऱ्या भोकातून श्वास ओढला की ई लागायचा. तो सूर श्वासाच्या जोराने जरा खाली वाकवायचा नि सोडून द्यायचा. ब्लूज असो, रॉक असो, लोक शिट्ट्या मारायचे. मला शर्टाला पुसत हा म्हणायचा, "गर्दी माझ्या बाजाला येते हं!"

"हो रे दादा, मी मधे खांब म्हणून उभी असते."

मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण जरा खाली. गाणी ई वरून डी वर आणावी लागली.

"दादा, आता जी पट्टीचा बाजा आण. या वेळी आवाज चुकला ना, तर मी परत माइक धरायची नाही."

"बाजा कशाला? वाजवणाऱ्यात दम लागतो. याचाच ई वाकवतो की खाली डी पर्यंत!"

आणि कार्यक्रमात वाकवला. जो सूर क्षणभर वाकवायचा, तो गाणंभर दाबून धरला. त्या भोकातली, सूर देणारी माझी पितळी पात किती सोसणार? दुसऱ्या कडव्यात तिला चीर गेली, सूर घसरला. दादाचा कान पक्का, म्हणजे चुकले ती मीच, असं तिला वाटलं. ओळ अर्धी टाकून ती स्टेजवरून खाली उतरली.

घरी येऊन तिने विचारलं, "दादा, माझंच चुकलं ना?"

हा मला खिशात चाचपत म्हणाला, "होतं गं. गळा कच्चा आहे अजून."

मला ड्रॉवरात कोंबलं. पात बदलता येते, पण दुरुस्तीला द्यायचं तर काय मोडलं ते सांगावं लागतं.

मित्रांनो, वस्तू मोडली तर मोडली म्हणा. बाजा बदलायची लाज वाटली म्हणून कुणाचा गळा खोटा ठरवू नका.

ती आता भांडी घासतानाही गुणगुणत नाही. ड्रॉवर स्वयंपाकघरातलाच, म्हणून ठाऊक. कधी कात्री शोधायला उघडते, मला बघते, बाजूला सारते.

अगं बाई, एकदा ओठाला लाव. दुसरं भोक. श्वास आत ओढ आणि ऐक, चीर कुणाला गेलीय. बस, एवढंच.