फाटकाचा नियम

फाटकाबाहेर ज्याचं पाऊल पडलं, त्याची विमानातली जागा गेली. हा नियम मेंग पेइलिननंच लिहिला होता. झांबियातल्या त्या चिनी धरणावर धोके हेरणं हेच त्याचं काम. साथीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो इतका कडक झाला होता, की स्वयंपाकी त्याला पाठीमागं 'कुलूप' म्हणत.

शुक्रवारी त्याचं विमान होतं. मायदेशी जाणारी जागा महिनोन्‌महिने मिळत नव्हती, आणि तिकडं हुनानमध्ये आईची नजर जात चालली होती. दिसतंय तोवर लेकाचं तोंड बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

नेमका मंगळवारी शेजारच्या गावचा मुखिया वारला. धरणाचा रस्ता त्याच्याच शब्दावर चालू होता. वकिलातीतून फोन आला : मयताला जा, गावाशी बिघडू देऊ नका, आणि संसर्गाचा धोका मुळीच पत्करू नका. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

"मी जाऊन येतो," धरणाचे प्रमुख हुआंग साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्हाला दमा. शिवाय मुखियाबरोबर मक्याची दारू प्यायलोय तो मी. त्यांना ओळखीचं तोंड माझंच."

"आणि शुक्रवारचं विमान?"

मेंग बूट घालायला लागला.

गावात त्याला बघताच बायकांनी नाकाला कापड लावलं. मुखियाच्या थोरल्या मुलानं लांब आंब्याखाली एक खुर्ची नेऊन ठेवली आणि ओरडून सांगितलं, "काका, तिथंच बसा हं! रोग तुमच्याकडनं आला म्हणतात. राग मानू नका."

"नाही मानत!" मेंगही ओरडला. राग आला होता, पण तो गिळला. माती होईपर्यंत तो एकटाच बसून राहिला. निघताना मुलगा लांबूनच म्हणाला, "आलात, बरं केलंत. रस्ता चालू राहील."

फाटकाशी हुआंग साहेब वाट बघत होते. "कुणी जवळ आलं?"

"कुत्रंसुद्धा फिरकलं नाही."

"मग जा की शुक्रवारी! कोण बघतंय?"

"मागं वेल्डर त्सुई औषध घ्यायला फाटकाबाहेर गेला, तेव्हाही कुणी जवळ आलं नव्हतं. बायको बाळंत व्हायची होती त्याची. मी त्याची जागा काढून घेतली." मेंगनं बुटाची माती झटकली. "पोर आता रांगतंय म्हणे. शुक्रवारी त्यालाच पाठवा."



खोलीत येऊन मेंगनं मास्क काढला, हातपाय धुतले आणि आईला व्हिडिओ लावला. यंदा जमत नाही, हे तो एका दमात सांगून गेला.

"असू दे. रस्ता राहिला ना चालू?" आई फोन डोळ्यांपाशी नेत म्हणाली. तिला फक्त फोनवर दिसेल तेवढंच मिळणार होतं. "जेवलास का? आणि खोलीत तरी तो मास्क काढ की, पेइलिन. नीट तोंड बघू दे तुझं."

मेंगचा हात गालापर्यंत गेला.

"हो आई," तो म्हणाला. "काढतो."