जिभवालीच्या रेकॉर्डचं कव्हर

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मी आधीच सांगून टाकतो. मुरडा, माझी हरकत नाही. मी गाण्यांच्या एका जुन्या रेकॉर्डचं पुठ्ठ्याचं कव्हर आहे. पूर्वी गाणी ताटाएवढ्या काळ्या तबकड्यांवर मिळत आणि त्या तबकड्या माझ्यासारख्या चौकोनी पाकिटात घालून विकत. कुणाच्या अंगावर फुलं छापत, कुणाच्या अंगावर समुद्र. माझ्या अंगावर एक तरुण बाई आहे, आणि तिच्या तोंडातून हनुवटीच्या खालपर्यंत लोंबतेय ती एका मोठ्या जनावराची कच्ची जीभ.

शी वाटलं ना? मलाही वाटतं. तुम्ही निदान तोंड फिरवू शकता. मला ते अंगावर वागवावं लागतं.

ही बाई गायिका होती. दिवसभर एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची आणि संध्याकाळी स्वतः रचलेली गाणी म्हणायची. हळू आवाजातली, साधी गाणी. एक ओल्या चादरींवर होतं, एक धाकट्या बहिणीच्या केसांतल्या गुंत्यावर. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला गाणी आवडली, पण ती खपतील असं काही त्याला वाटेना.

"दुकानात कव्हरांची रांग असते," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचा हात हिच्या कव्हरावरच थबकला पाहिजे. बघणाऱ्याच्या पोटात ढवळलं पाहिजे!"

मग फोटोग्राफरने खाटकाकडून ती जीभ आणवली. ती आली सकाळी आणि फोटोला उजाडली दुपार. मोठाल्या दिव्यांच्या धगीने तिला पाणी सुटलं, कडा करड्या पडल्या. मागच्या टोकाला चरबीचा पिवळट पापुद्रा लोंबत होता. चकाकी कमी पडते म्हणून फोटोग्राफरने तिला बोटांनी तेल चोळलं आणि ती बोटं विजारीला पुसली. खोलीभर माश्या झाल्या होत्या.

"मी तोंडात नाही घालणार," बाई म्हणाली. "हातात धरते हवी तर."

"हातात धरून काय खाटकाची जाहिरात करायचीय?" मालक म्हणाला. त्याने स्वतः नाकाला अत्तराचा रुमाल लावला होता. "रेकॉर्ड हवीय ना तुला? क्षणभराचं तर काम. नसेल जमत तर राहू दे, गाणाऱ्या काय कमी आहेत?"

तिने डोळे मिटले आणि जीभ दातांत धरली. लगेच तिला उमासा आला. मान ताठरली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हलू नका! हेच हवंय!" फोटोग्राफर ओरडला आणि त्याने खटका दाबला.

बाई बेसिनवर वाकून ओकत होती, तेव्हा मालक खुर्चीत बसून बिस्किट खात होता. "झकास!" तो म्हणाला. माझा खरा जन्म तेव्हाच झाला असं मी मानतो. छपाई नंतरची. छापखान्यातही मालकाचं एकच पालुपद होतं, "लाल अजून वाढवा!" मशीनवाल्याने लाल वाढवला आणि त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी नेला.

पहिल्या गठ्ठ्यातला मी बाईच्या घरी गेलो. तिची धाकटी बहीण घरी शिवणकाम करायची. ताईची रेकॉर्ड येणार म्हणून तिने शेजाऱ्याचा रेकॉर्डप्लेअर मागून आणला होता. तिने मला हातात घेतलं आणि तिचं हसू मावळलं.

"ताई, हे काय गं तुझ्या तोंडात?"

"काही नाही. तू गाणी ऐक."

"तू रडतेयस यात."

"गाणी ऐक म्हटलं ना!"

मित्रांनो, रेकॉर्ड धो धो खपली. मालकाने नवी गाडी घेतली. लोकांनी मला एकमेकांना दाखवलं, किंचाळले, हसले, पुन्हा दाखवलं. वर्तमानपत्रांनी बाईचं नाव 'जिभवाली' पाडलं. ओल्या चादरींबद्दल कुणी अक्षर बोललं नाही. ती मंचावर उभी राहिली की पुढच्या रांगांतले लोक जिभा बाहेर काढून वळवळवायचे. चांगल्या कपड्यांतली, मोठी मोठी माणसं! एका कार्यक्रमात कुणीतरी खरीच एक जीभ मंचावर फेकली. ती तिच्या पायाशी थपकन पडली. बाईने गाणं अर्धं सोडलं आणि नंतर पुन्हा कधी लोकांसमोर गायली नाही. लाँड्रीतही लोक मुद्दाम बघायला येऊ लागले, म्हणून ती दुसऱ्या गावी निघून गेली.

तिला गाडीत बसवून आल्यावर बहिणीने निळ्या कापडाचा तुकडा कापला आणि माझ्या चारही कडांना सुईने टाचून शिवला. चित्र झाकलं गेलं. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते, असं विचाराल तर ते निळ्या कापडाखालचे. बहीण काम करता करता रोज ती रेकॉर्ड लावायची. ऐकून ऐकून तिच्यावर चरे पडले, केसांच्या गुंत्याचं गाणं एका जागी अडखळू लागलं. तिथे बहीण स्वतः पुढची ओळ म्हणायची.

ती म्हातारी होऊन वारली तेव्हा एका दूरच्या नातेवाइकाने घरातलं सामान विकायला काढलं. जुनी कव्हरं जमवणारा एक गृहस्थ मला घेऊन गेला. त्याने पात्याने निळं कापड उसवलं आणि आनंदाने टुणकन उडी मारली.

"अरे, ही तर जिभवाली! रंग बघा, काल छापल्यासारखा!"

कापड केराच्या डब्यात गेलं. रेकॉर्ड त्याने उजेडात धरली, चरे पाहिले आणि तीही त्याच डब्यात टाकली. मला मात्र काचेत बसवलं.

पुढे त्याने किळसवाण्या कव्हरांचं प्रदर्शन भरवलं. माझ्या शेजारी जळक्या बाहुल्या होत्या, किडलेले दात होते. लोक सरबत पीत, हसत फिरत होते. आणि पाहुणी म्हणून त्याने कुणाला बोलावलं असेल? तिलाच. ती काठी टेकत आली. माझ्यासारखी हजारो कव्हरं छापलेली, मी तिच्या बहिणीच्या घरचा, हे तिला काही ओळखता आलं नाही.

"आत रेकॉर्ड आहे का?" तिने विचारलं.

"ती खराब होती हो, टाकली. किंमत कव्हरलाच असते," गृहस्थ म्हणाला. "आजी, एक विनंती. याच्या शेजारी उभ्या राहा आणि एकदा जीभ बाहेर काढा. मंडळी फोटो घेतील."

फोन वर झाले. ती सगळ्यांकडे बघत राहिली.

"त्या दिवशी मला ओकारी येत होती," ती म्हणाली. "घरी जाऊन मी हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले. यात तुम्हाला हसण्यासारखं काय दिसतं, ते एकदा मला समजावून सांगा."

दोघाचौघांनी फोन खाली घेतले. मागे उभ्या असलेल्या एकाने मात्र तिच्या त्या चेहऱ्याचाच फोटो काढला आणि शेजाऱ्याला दाखवून म्हणाला, "बघ, रागावलेली पण मस्त आलीय."

मित्रांनो, मला त्या जिभेची किळस वाटते असं मी म्हणालो होतो. ती बिचारी मेलेल्या जनावराची होती, तिचा काय दोष? मला किळस येते बिस्किट खाता खाता म्हटलेल्या त्या 'झकास'ची आणि या 'मस्त'ची. म्हणून एकच मागणं आहे. असं चित्र समोर आलं, तर हसण्याआधी त्यातल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. माझ्यातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आहे. इतक्या वर्षांत ते दिसलं फक्त तिच्या बहिणीला. मी अजून त्याच भिंतीवर आहे. कधी आलात आणि हात पुरला, तर मला भिंतीकडे तोंड करून टांगा.