थांबवायचं बटण

“मशीन आण, नको कोण म्हणतं? पण थांबवायचं बटण असलेलं आणू नको,” शेजारच्या हौशीने प्राजक्ताला आधीच बजावलं होतं. प्राजक्ताने ते हसण्यावारी नेलं. बी.ए. झालेल्या बाईला मशीन कोणतं घ्यायचं ते हौशीने शिकवायचं? आणि बटण नसलेलं मशीन मिळतं तरी कुठे!

खरं तर ठरलं होतं ते वेगळंच. भात झोडून झाला की सासूला, म्हणजे फागीला, नाशकात थेटरात पिक्चर दाखवायचा. फागीचा जन्म सूर्यमाळच्या पाड्यावर गेला. मजुरीला घोटीपर्यंत जाऊन आली, पण थेटरात कधी पाऊल पडलं नाही. उमेशने आईला हे लग्नाआधीपासून कबूल केलेलं. पण त्याच्या बायकोला, प्राजक्ताला, काळजीचं व्यसन. लेक चंदना नुकती चालायला लागलेली. थेटरात एसी, म्हणजे सर्दी. आवाज मोठा, म्हणजे लेकीचे कान गेले. शिवाय अंधारात शेजारी कोण खोकतंय तेही दिसत नाही! तिने मोबाइलवर शोधशोधून छोटा प्रोजेक्टर मागवला. पार्सल पाड्यापर्यंत येईना, म्हणून उमेश मोखाड्याला जाऊन घेऊन आला.

“घ्या आई, थेटरच घरात आणलं!”

फागीने खोक्याकडे पाहिलं. “मंग जायाचं कवा?”

“आता जायचं कशाला?”

फागीने खोकं उचलून कोपऱ्यात ठेवलं. प्राजक्ताला वाटलं, सासूबाईंना पटलं.

संध्याकाळी उमेशने चुन्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि पिक्चर लागला. नायिका रागाने घर सोडून निघाली, नदीकाठी आली, तेवढ्यात चंदनाने भोकाड पसरलं. प्राजक्ताने बटण दाबलं. नायिका एक पाय पाण्यावर धरून उभी राहिली.

“आये, थांबलंच आहे तर भाकऱ्या टाकून घे ना,” उमेश म्हणाला.

भाकऱ्या झाल्या. पुन्हा सुरू केलं, तर पलीकडचा बुध्या डोकावला. थांबवलं. बुध्याला चहा. मग कोंबड्या डालायच्या राहिल्या होत्या. दर वेळी प्राजक्ता अगदी मायेने सांगायची, “सावकाश या आई, तुमचं काही चुकणार नाही. तुमच्यासाठीच थांबवलंय.” दुसऱ्या दिवशी लाइट गेली, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. नायिकेला ती नदी ओलांडायला आठवडा लागला.

मग एका संध्याकाळी, कुणी हाक मारलेली नसताना, फागी आपणहून उठली. “लावा तुमचं तुम्ही. मी नाय पाहात.”

प्राजक्ताने लगेच तिच्या कपाळाला हात लावला. “डोकं दुखतंय का?”

“ताप नाय मला. थेटरात थांबवतात का गं, कुनाची बाय भाकरी टाकाया उठली म्हनून?”

“तिथे कसं थांबवतील? मध्यांतर होतं तेवढंच.”

“त्या वक्ताला च्या कोन करतं?”

“विकत मिळतो.”

“आनि कुनाला मला हाक मारायची झाली तर?”

“बोलायचंच नसतं तिथे. लोक खेकसतात. फोनसुद्धा बंद ठेवायचा.”

इतकी वर्षं आपल्याला कुणी हे सांगितलं कसं नाही, अशा नजरेने फागी सुनेकडे बघत राहिली. “मंग मला तिथंच जायाचं हाय.”

प्राजक्ताने परोपरीने घाबरवून पाहिलं. सरकता जिना असतो, त्यात लुगडं अडकतं. “आंब्यावर चढते मी. जिना काय करंल मला?” थंडी फार असते. “आनि इथं काय कमी हाय?” उमेश म्हणाला, मी येतो सोबत. “तू नको. तुला तहान लागंल, पानी मलाच मागशील.”

आज सकाळी फागी हौशीला घेऊन पहिल्या जीपने निघाली. नागलीचं पीठ सुनेपुढे ठेवून निघाली, हे विशेष. प्राजक्ता लेकीला काखेत मारून मागे धावली.

“आई, फोन राहिला!”

“ऱ्हाऊ दे! बंदच ठेवायचा ना!” धुरळ्यातून उत्तर आलं.

हौशीचा फोन दुपारपासून लागत नाही. प्राजक्ताने दर भाकरीमागे एकदा लावून पाहिला. दोन भाकऱ्या करपल्या. तेवढ्यात उमेशने आतून विचारलं, “पिक्चर लावू का गं?”

“भाकऱ्या तुम्ही टाकणार असाल तर लावा,” ती म्हणाली. पिक्चर लागला नाही.

तेव्हा प्राजक्ताचं तुमच्याकडे एक मागणं आहे. नाशकात असाल आणि आज पिक्चरला गेलात, तर जरा रांगांवरून नजर फिरवा. दोघी असतील. ठसक्यात सगळ्यांना वाट विचारणारी ती हौशी, तिची काळजी नको. दुसरी हिरव्या लुगड्यातली, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली. ती गारठली तर नाही ना, कुणी जागेवरून उठवत तर नाही ना, एवढं लांबून बघा. ठीक दिसली तर तसंच मागे फिरा. पिक्चर चालू असताना तिला हाक मात्र मारू नका.