टाचेनं पाहिलेला बर्फ

"शेवग्याच्या चार शेंगा पडत न्हाईत हिच्यानं. टोकच वाकडं मेलं," मेहरुनचाची माझ्यावर करवादते. दौंडच्या रेल्वे कॉलनीत, तिच्या दारामागं मी उभी असते.

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण शेंगांसाठी घडलेली नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या, आत दोरी. झटका दिला की तीन मीटर ताठ. हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायचा, हे माझं काम. चाचीचा मुलगा रिजवान आणि न्हावरे गावचा त्याचा मित्र सत्यजीत हिमाचलात ट्रेकवाल्यांना वाट दाखवायचे. लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. काम मात्र कधी पडलं नव्हतं, ते बरंच होतं.

त्या सकाळी दोघं वाट तपासायला पुढं निघाले. मी सत्यजीतच्या पाठीवर. ताजा बर्फ वाऱ्यानं थापून कडक झालेला. रिजवान म्हणाला, "खणून बघू, खाली काय आहे." सत्यजीतच्या घरी पावसानंतर रानात वाफसा आलाय का, ते टाच दाबून बघतात, पाय रुतला नाही की खुशाल शिरतात. त्यानं तशीच टाच मारली. "पक्कं हाय. तू काय हिर खणतोस व्हय? चल."

खालचा थर रव्यासारखा मोकळा होता. आतून धप्प आवाज आला आणि अख्खा उतार तडकला. मालगाडीचे डबे एकमेकांवर चढावेत तशा बर्फाच्या लाद्या रिजवानवर कोसळल्या. त्याचा हात दिसला, मग तोही नाही. सत्यजीत मला बर्फात भोसकत सुटला. हो, भोसकणंच ते. बर्फात मी सुरकन जायचे, खडकावर टणकन आपटायचे. टोक तिथंच वाकलं. मग एकदा मऊ काहीतरी लागलं. खणेपर्यंत पाऊण तास गेला होता. रिजवानच्या नाकातोंडात बर्फ गच्च बसला होता.

सगळे म्हणाले, अल्लाची मर्जी. सत्यजीत दर महिन्याला येतो, सिलिंडर आणून देतो, जेवतो. माझ्याकडं बघत नाही.

मित्रांनो, वरून पक्कं दिसलं तरी खणून बघा. एवढंच मागते.

परवा तो जेवायला बसला होता. रिजवानची धाकटी बहीण तहमीना सॅक भरून समोर उभी राहिली. तिला त्याच्याबरोबर वर जायचं होतं, तेच काम शिकायचं होतं.

"जाऊ दे तिला. तू हाईस ना संगं," चाची म्हणाली.

तहमीनानं फरशीवर टाच मारली. "असंच बघायचं ना? भाई सांगायचा, तुम्ही टाचेनंच ओळखता."

सत्यजीतनं ताट बाजूला सारलं.

"त्या दिवशी तसंच बघितलं," तो म्हणाला. "रिजवान खणू म्हणत हुता, चाची. मीच हसलो. पक्कं हाय, असं मीच म्हणलो."