आधी मोकळ्यात

मंगळवारी संध्याकाळी शिवलिंगअप्पाच्या माणसांनी दयानंद सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली, आणि बुधवारी सकाळी नऊ वाजता सर उजव्या हातानं फळ्यावर मांजरा नदी काढत उभे होते. याला कुणी हिंमत म्हणालं, कुणी आडमुठेपणा. मला विचाराल तर दोन्ही होतं, आणि त्यातलं आडमुठेपण जरा जास्तच होतं.

सर भूगोल शिकवायचे. पोलीस भरतीला, तलाठ्याला, राज्यसेवेला बसणाऱ्या पोरांना महाराष्ट्र शिकवायचे. नद्या, माती, पिकं, बाजार, जत्रा, कुठल्या डोंगरात कोण माणसं राहतात आणि काय खातात, सगळं. औशाच्या, उमरग्याच्या, नायगावच्या पोरांना कोकण पाहिलेलं नसायचं, पण सरांनी दोन तास शिकवलं की पोरगं रत्नागिरीत जन्मल्यासारखं बोलायला लागायचं. असा माणूस.

आणि लातूरच्या क्लासचं एक आहे. बाहेरच्याला वाटतं, पोरं क्लासला येतात. छट्! पोरं सरांकडे येतात. मालकानं इमारत बांधावी, एसी लावावा, चौकाचौकात गुणवंतांचे फोटो टांगावेत. पण सर उठून दुसऱ्या गल्लीत गेले की अख्खी बॅच दप्तर उचलून त्यांच्या मागं चालू लागते. मालक बसला रिकामे बाक मोजत. त्यामुळे या गावात सरांना जपतात तरी, नाहीतर धाकात ठेवतात. क्लासमालक शिवलिंगअप्पानं दयानंद सरांना नऊ वर्षं जपलं होतं.

बिनसलं ते एका रबरी पाइपावरून. टेस्टला मार्क कमी पडले की अप्पा पोराला पुढं बोलवायचा आणि सगळ्यांदेखत पाइपानं हाणायचा. पालकांना त्याचं कौतुक, घ्या! एक दिवस नायगावच्या एका पोराच्या कानातून रक्त आलं तरी अप्पाचा हात थांबेना. दयानंद सर शेजारच्या वर्गातून आले, त्यांनी पाइप हिसकावला आणि तोच पाइप अप्पाच्या तोंडावर ओढला. एकच, पण सणसणीत. ओठ फाटला. दोनशे पोरांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बंद पडलेल्या बी-बियाण्याच्या दुकानावरचा दुसरा मजला घेतला. एकशे साठ पोरं त्यांच्याबरोबर आली. बाहेरच्या भिंतीला लोखंडी सांगाडा ठोकून त्यावर भला मोठा बोर्ड चढवला. अप्पाला रस्त्यावरून जाता-येता तो बोर्ड दिसायचा, आणि फाटलेल्या ओठाचे टाके अजून निघाले नव्हते.

मग अप्पानं ज्ञानोबाला सोडलं, म्हणजे ग्यानोबाला. मूळचा मुरुडकडचा, पूर्वी तालमीत घुमायचा, आता अप्पाच्या फाटकावर बसून असायचा. मंगळवारी त्यानं आणि आणखी तिघांनी सरांना चहाच्या टपरीवर गाठलं, हात फळीवर दाबून धरला आणि वर कुलूप आपटलं. दोनदा. टपरीवाला दुधाकडं बघत राहिला. ग्यानोबा जाताना म्हणाला, बोर्ड उद्या उतरव, न्हाई तर आमी उतरवतो.

त्याच संध्याकाळी निलंग्याहून कस्तुराबाईचा फोन आला. कस्तुराबाई म्हणजे सरांची थोरली बहीण. भूकंपात आई, बाप आणि धाकटा भाऊ एकाच भिंतीखाली गेले, तेव्हा दयानंद अकरा वर्षांचा होता. कस्तुराबाई तेव्हा नवीन नवरी, सासर निलंग्याला, म्हणून वाचली. तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, माणूस केलं. तिची एकुलती एक पोरगी पुनम आता मामाकडं राहून पोलीस भरतीची तयारी करत होती. उंच, काटक, आठशे मीटर धावण्यात गावातल्या पोरांना मागं टाकणारी. बोटांची बातमी तिनंच आईला कळवली होती.

कस्तुराबाईचं म्हणणं एवढंच होतं, की सकाळच्या एसटीनं पोरीला घरी धाडून दे. राडा मिटला की परत येईल. सरांनी ऐकलं नाही. रविवारी मोठी टेस्ट होती, पुढच्या महिन्यात भरती. शिवाय ते मोडलेल्या बोटांचं आडमुठेपण होतंच.

"अक्का, ती माझ्या डोळ्यांपुढं हाय," सर म्हणाले. "तिच्या केसाला धक्का लागला तर मला विचार."

कस्तुराबाईनं जास्त ताणलं नाही. भावावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा.

आता भूकंपाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. किल्लारीच्या बाजूची जुनी घरं म्हणजे दगड आणि पांढरी माती, भिंती दोन-दोन हात रुंद. त्र्याण्णव साली जमीन हलली तेव्हा घरात राहिलेला मेला आणि अंगणात निजलेला वाचला. त्या गावांतल्या माणसांना यापलीकडं दुसरं शास्त्र कुणी शिकवू नये. बाकी देशात टेबलाखाली शिरा म्हणतात. आमच्याकडं टेबलाखाली कुणी शिरत नाही. जडसं वाहन गेलं, भांडी वाजली, की म्हातारी माणसं अजून उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहतात.

दयानंद नऊ तास दबून होता. शेजारी धाकटा भाऊ कण्हत होता, मग कण्हायचा थांबला. म्हणून सर प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी भूगोलाच्या आधी एक गोष्ट शिकवायचे. जमीन हलली की वही सोडा, चप्पल सोडा, आधी मोकळ्यात. सर ओरडणार आणि पोरांनी जिना उतरून रस्त्यावर जायचं, असं घड्याळ लावून तीनदा करून घ्यायचे. पोरं हसायची, पण करायची. दारापाशी पहिल्या बाकावर पुनमला बसवलेलं असायचं, कारण ती पळायला चपळ होती आणि बाकीचे तिच्या मागं जायचे.

तर बुधवारी सकाळी सर मांजरा शिकवत होते. बालाघाटात उगम, निलंग्याच्या खाली तेरणा येऊन मिळते, मग कर्नाटकात वळसा, आणि शेवटी नांदेड जिल्ह्याच्या टोकाला गोदावरी. खडू देगलूरच्या आसपास पोचला होता.

खाली रस्त्यावर ग्यानोबा सात-आठ जण आणि एक ट्रॅक्टर घेऊन आला होता. त्यांनी बोर्डाच्या सांगाड्याला साखळी अडकवली आणि ट्रॅक्टर रेटला. सांगाडा वर्गाच्याच भिंतीत पक्का बसवलेला. तो निघेना. ट्रॅक्टर मागं घेऊन पुन्हा झटका दिला, आणि अख्खी भिंत थरारली.

वर्गात पंखे झुलले. खिडकीची काच खळखळून फुटली. भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खिळ्यासकट खाली आला. जमिनीतून घरघर येत होती, ती ट्रॅक्टरची होती. पण सरांना ते कसं कळावं? त्या क्षणी ते चौतीस वर्षांचे नव्हतेच, अकराचे होते. त्यांनी दुसरा काही विचार केला नाही.

"भूकंप! आधी मोकळ्यात! पुनम, पळ!"

पोरगी ठिणगीसारखी उठली आणि जिन्यात शिरली. तिच्या मागं एकशे साठ पोरं. एकानंही वही उचलली नाही. जसं शिकवलं तसंच केलं हो पोरांनी, अगदी तसंच.

आणि खाली जिन्याच्या तोंडाशी ग्यानोबाची माणसं लोखंडी गज घेऊन उभी होती. त्यांना पोरांना हात लावायचा नव्हता, बोर्ड पाडून जायचं होतं. पण वरून आरडत-ओरडत धो-धो लोंढा उतरताना दिसला आणि त्यांना वाटलं, सरानं आपल्या अंगावर पोरं सोडली. ग्यानोबाची टरकली. घाबरलेला पैलवान फार वाईट. जे पहिलं डोकं जिन्यातून बाहेर आलं त्यावर त्यानं दोन्ही हातांनी गज घातला.

पुनम पायरीवर पडली. मागच्यांना थांबता येईना, ती एकमेकांवर कोसळली. गज चालूच होते. एकाचा खांदा निखळला, एका पोरीचे दात गेले, दोघं चेंगरून बेशुद्ध पडले. मग मागच्या पोरांना कळलं, की हा भूकंप नाही, ही माणसं आहेत. त्यांनी वर जाऊन बाकांचे पाय मोडून आणले. नांदेडकडची चार दांडगी पोरं पुढं झाली आणि रस्त्यावर जे सुरू झालं ते थांबवायला कुणी धजलं नाही. दुकानांची शटरं धडाधड खाली आली.

सर सगळ्यांत शेवटी उतरले. सगळ्यांत खालच्या पायरीवर त्यांनी पुनमला पाहिलं. वेणी रक्तानं भिजून पायरीला चिकटली होती. सरांनी तिला उचललं नाही, हाक मारली नाही. त्यांनी खाली पडलेला गज उजव्या हातात घेतला, पोरांच्या गराड्यातून वाट काढली आणि ग्यानोबाचा गुडघा फोडला. तो पडल्यावर दुसरा फोडला. तो हात जोडत होता. सरांनी जोडलेल्या हातांवर घातला. मोडकी बोटं असलेला डावा हातही त्यांनी गजाला लावला होता, आणि त्यांना दुखत नव्हतं. पोलीस आले नसते तर त्या दिवशी दोन मुडदे पडले असते.

पुनम दवाखान्यात पोचायच्या आत गेली.

दुपारी दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात सरांच्या बॅचमधला शरणप्पा त्यांच्याजवळ आला. त्याच्या कपाळाला पट्टी होती. पोरांचं आपसात ठरलंय, असं तो सांगत होता. जबाबात कुणीच भूकंपाचा शब्द काढणार नाही. ग्यानोबाचा वकील आतापासून म्हणतोय, की आमची माणसं वर गेलीच नाहीत, सरांनीच भूकंपाची हूल उठवून पोरं जिन्यात ढकलली, चेंगराचेंगरीत पोरगी गेली. तेव्हा सर, तुम्ही ओरडला नाहीत. एकशे साठ जणांनी ऐकलं नाही.

पोरगा खाली मान घालून निघून गेला.

तीनच्या सुमारास कस्तुराबाई आली. तिनं आत जाऊन लेकीला पाहिलं, कपाळावरची चादर नीट केली आणि बाहेर येऊन भावापाशी बाकावर बसली. रडली नाही. भावाचं बँडेज सुटलं होतं, ते बांधायला तिनं हात पुढं केला. तेवढं मात्र सरांना सोसलं नाही. त्यांनी हात मागं घेतला.

"अक्का, त्यांनी तिला वरून ओढली न्हाई. म्या पळ म्हणलो. मला भूकंप वाटला."

कस्तुराबाई उठली आणि तिनं भावाच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारताना तिच्या बांगड्या फुटून मनगट कापलं. दोन नर्स धावत आल्या, तिला धरायला लागल्या, तिनं त्यांना झिडकारलं. सर जागचे हलले नाहीत. त्यांना वाटत होतं, हिनं थांबू नये.

ती थांबली. खाली फरशीवर बसली. मग तिनं विचारलं, पोरगी तुजं म्हणणं ऐकली का रं? सर म्हणाले, हाव, पहिलीच उठली. तिनं मान हलवली. भूकंप म्हणल्यावर कस्तुराबाई स्वतःही उठली असती, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला ते सहन होत नव्हतं.

"हे पोलिसाला सांगितलास?"

"न्हाई. आता जायलोय सांगायला. मला लपवून जगता येणार न्हाई, अक्का."

"सांगायचं न्हाई." तिचा आवाज एकदम खणखणीत झाला. "तू बोललास की ग्यानोबा सुटला. तुला हलकं वाटावं म्हणून माज्या लेकीचा मारेकरी सुटू देऊ का मी? गप ऱ्हायचं. मरंस्तोवर गप ऱ्हायचं."

सर उठून आतल्या खोलीत फौजदाराकडं जबाब द्यायला गेले. फौजदार चांगला माणूस होता, त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली. लिहीत लिहीत त्यानं विचारलं, सर, पोरं एकदम खाली कशी आली? खिडकीतून समोरच्या वॉर्डातलं ग्यानोबाचं विव्हळणं ऐकू येत होतं. आमी वर गेलोच न्हाई, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता आणि ते अगदी खरं होतं.

"भिंत तोडताहेत असं पोरांना वाटलं," सर म्हणाले. "घाबरून उतरली."

फौजदारानं तसंच लिहून घेतलं. सरांनी खाली सही केली.

बाहेर शववाहिका लागली होती. पुनमला आत ठेवलं होतं आणि कस्तुराबाई पायरीवर चढत होती. सर जवळ येताच तिनं वळून पाहिलं.

"सांगितलास का?"

"न्हाई."

"बरं केलास." तिनं आत जाऊन लेकीच्या पायाशी बसकण मारली. सर मागोमाग चढायला लागले, तसा तिनं हात आडवा धरला. "तू नको येऊ. मातीला नको, आन् भाऊबीजेलाबी नको."

मग तिनं आतून दार ओढून घेतलं, आणि गाडी निलंग्याच्या रस्त्याला लागली.