बॅप्टिस्टच्या कमरेचं मशीन

आमच्या गिरीज गावात आजारांनाही मानपान आहे. हार्टवाल्याला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवतात. मूळव्याधवाला आपणहून मागे जाऊन उभा राहतो.

बॅप्टिस्टला तर गुदाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनने कॅन्सर गेला, पण दिवसातून पंधरा वेळा संडासला पळायची पाळी आली. तेवढ्यात मुलीचं, जीनाचं लग्न ठरलं आणि त्याला एकच घोर लागला. पोरीला वेदीपर्यंत न्यायचं होतं आणि दीड तासाच्या मिस्सामधून, म्हणजे चर्चमधल्या लग्नविधीतून, पळायचं नव्हतं.

डॉक्टरांनी माकडहाडाच्या वर एक बारीक तार घातली आणि पट्ट्याला डबी अडकवली. शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसेला ती हलके झटके देत राहते. दोन आठवड्यांत गुण आला तर कायमचं मशीन आत बसवू, असं ते म्हणाले. सहाव्या दिवशी पंधराचे पाच झाले. बॅप्टिस्ट चक्क रडला.

डबी शेजाऱ्यांना दिसलीच. त्याची बायको रिटा गडबडीत म्हणाली, "हार्टचं मशीन आहे." झालं! रविवारी अख्ख्या चर्चने त्याच्या हृदयासाठी प्रार्थना केली. मीही मेणबत्ती लावली. हृदयाचं मशीन कमरेला कसं, हे चर्चला आलेल्या एकाही शाळामास्तराला विचारावंसं वाटलं नाही.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात त्याच्या थोरल्या भावाने, जॅक्सनने, जीनाचा हात धरला. "तू बस रे. हार्टवाल्याने दगदग करू नये. मी नेतो पोरीला."

रिटा खाली मान घालून उभी. खरं बोलावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर लेकीचा हात.

"माझं हार्ट ठणठणीत आहे!" बॅप्टिस्ट ओरडला. "हे मशीन संडास आवरायला लावलंय! सोड तिचा हात!"

बँड थांबला. फादर खाकरले. जीनाने काकाचा हात सोडून पप्पांचा घट्ट धरला.

बॅप्टिस्ट तिला घेऊन चालला आणि दीड तास जागचा हलला नाही. आम्ही बाहेर सिगारेट ओढत चुकवतो ते प्रवचनही त्याने पुरं ऐकलं.

मिस्सानंतर जॅक्सनने त्याला पायऱ्यांच्या आडोशाला ओढलं. भांडण होणार म्हणून मी लगबगीने जवळ गेलो.

"तुला आधी संडासला रक्त पडायचं काय रे?" जॅक्सन हळूच विचारत होता. "मला सहा महिने पडतंय. घरी कुणाला बोललो नाय."

बॅप्टिस्टने त्याचा हात घट्ट धरला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

"येतो," जॅक्सन म्हणाला. "पण कुणी विचारलं तर हार्टचं सांग."